शेंद्र्याच्या वाटेवर

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आमच्या पिढीच्या जिभेवर अद्याप बसलेलें औरंगाबाद, सोडून जालन्याच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें कीं चिकलठाण्याचा विमानतळ मागें पडतो व पंधरा-वीस किलोमीटरांच्या आंत शेंद्रा गांव लागतो. पूर्वीं या गांवाची ख्याति चैत्रांतल्या मांगीरबाबांच्या जत्रेकरितां. नवस फेडावयास माणसें आजहि येतात. २००१ सालीं येथें स्कोडा कंपनीच्या मोटारी तयार होऊं लागल्या, मागून दुसरे कारखाने आले, आणि आतां शेंद्रा व पैठणच्या वाटेवरील बिडकीन मिळून दहा हजार एकरांचें ‘ऑरिक’ नांवाचें उद्योगनगर आकारास येत आहे. रस्त्याच्या एका अंगास नांगरून ठेवलेली काळी जमीन आणि दुसऱ्या अंगास पांढऱ्या पत्र्यांच्या लांबच लांब इमारती, असा देखावा आहे. सुंदर म्हणवत नाहीं, पण नजर खिळते खरी.

आम्ही गेल्या वैशाखांत तेथें गेलों तें हवा खाण्यासाठीं नव्हे. वैशाखांत त्या बाजूस हवा खाण्यास कोणी जात नाहीं! आमच्या पुतणीचा बारावीचा निकाल लागला होता आणि घरांत दोन पक्ष पडले होते. गुण चांगले आहेत, सरळ अभियांत्रिकीस घालावें, चार वर्षांत पोर पायांवर उभी राहील, हा वडीलधाऱ्यांचा पक्ष. मुलीस पदार्थविज्ञान शिकावयाचें होतें, आणि तेंहि लहानशा कॉलेजांत, जेथें शेजारच्या वर्गांत इतिहास व मराठी वाङ्मय चालतें. आम्ही विचारलें, “मग यंत्रें नकोत कां?” ती म्हणाली, “हवींत, काका. पण तीं तशीं कां चालतात, हें आधीं कळूं दे.”

शेंद्र्याच्या एका कारखान्यांत आमचे एक स्नेही मोजमापाच्या विभागांत आहेत. त्यांनीं आम्हांस एका बंद खोलींत नेलें. बाहेर बेचाळीस अंशांचें ऊन, आणि आंत बरोबर वीस अंश. आम्हांस वाटलें, साहेबलोकांच्या सुखासाठीं ही थंडाई असावी. स्नेही हंसले. हें सुख माणसांसाठीं नसून पोलादासाठीं होतें. लांबीचीं मापें वीस अंशांवर घ्यावयाचीं असा जगभर संकेत आहे; कारण एक मीटर लांबीची पोलादी पट्टी दर अंशास सुमारें बारा सहस्रांश मिलिमीटर वाढते. बावीस अंशांच्या फरकानें ती पाव मिलिमीटरहून अधिक लांब होते, आणि यंत्राच्या एखाद्या भागास तेवढा फरक म्हणजे पुरता सत्यानाश. स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, यंत्राची कळ दाबून आंकडा वाचणारे पुष्कळ मिळतात. सकाळचा आंकडा दुपारीं कां बदलला, हें विचारणारे थोडे. पुतणीनें आमच्याकडे पाहिलें. आम्ही छताकडे पाहिलें.

परततांना गांवावरून आलों. गांवाचें पुरें नांव शेंद्रा कमंगर. फारसींत कमानगर म्हणजे धनुष्य घडविणारा. अशा कारागिराच्या हातास लांकूड किती वांकेल आणि केव्हां मोडेल हें ठाऊक असे. पण तें ज्ञान हातांतच राही. ताणणारा जोर वाढेल त्याच प्रमाणांत स्प्रिंग वाढते, हा नियम रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं मांडला, आणि मोटारीच्या चाकांवरल्या स्प्रिंगा आजहि त्याच्याच आधारानें बेततात. हा हूक नुसता प्रयोगशाळेंतला पंडित नव्हता; १६६६ च्या आगीनंतर लंडन शहराची मोजणी करणाऱ्यांत तो होता. शास्त्र आणि कारागिरी यांच्यामधली भिंत पुढें कॉलेजांच्या सोयीसाठीं घातली गेली.

आपल्याकडील उदाहरण हवें असेल तर विश्वेश्वरय्यांचें घ्यावें. १८८१ सालीं बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांतून ते आधीं बी. ए. झाले, मग पुण्यास येऊन स्थापत्य शिकले. आणि १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणास त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस कॉलेज काढलें, त्यास नांव दिलें तें मिलिंदाचें, म्हणजे नागसेन भिक्षूस प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या यवन राजाचें. कॉलेजास याहून साजेसें नांव आम्हांस सुचत नाहीं.

तथापि प्रश्न विचारून पोट भरत नाहीं, हें आमच्या बंधूंचें म्हणणें खोटें नाहीं. पवईच्या आय. आय. टी. मध्यें ‘अभियांत्रिकी भौतिकी’ असा चार वर्षांचा पदवीक्रम आहे, पण तेथें शिरकाव मिळणें महाकठीण. अमेरिकेंतलीं कांहीं लहान कॉलेजें तीन वर्षें आपल्याकडे आणि दोन वर्षें मोठ्या अभियांत्रिकी विद्यालयांत, अशी पांच वर्षांत दोन पदव्यांची जोडणी करून देतात. आपल्याकडे बारावीस गणित घेऊन पुढें बी. एस्सी. झालेल्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मागतां येतो. म्हणजे तीन आणि तीन, सहा वर्षें. बंधूंच्या नोकरीचीं चारच वर्षें उरलीं आहेत. शेवटच्या दोन वर्षांचा खर्च पेन्शनींतून व्हावयाचा, आणि धाकटा मुलगा तेव्हां ऐन कॉलेजांत असेल. ही अडचण कोणत्याहि थोर पुरुषाच्या चरित्रानें सुटत नाहीं.

लहान कॉलेज म्हणजे चांगलें कॉलेज, असेंहि नव्हे. आम्ही दोन पाहिलीं. एका ठिकाणीं प्रयोगशाळेंतील कपाटांस कुलूप आणि कुलपावर धूळ. किल्ली कोणाकडे, हें शिपायासहि ठाऊक नव्हतें. दुसऱ्या ठिकाणीं सुट्टी असतांहि एक वृद्ध प्राध्यापक दोन मुलांस घेऊन जुना दोलनदर्शक खोलून बसले होते. पुतणी तेथें अर्धा तास उभी राहिली. त्यांनीं तिच्या हातांत पेंचकस दिला.

रात्रीं घरीं बोलणें झालें. शेवटचीं दोन वर्षें शिकवण्या करून आपला खर्च आपण काढूं, असें तिनें सांगितलें. बंधु बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, दर दिवाळीस प्रयोगांची वही मला दाखवावयाची, आणि ती नुसती उतरवून काढलेली दिसली तर मी ओळखीन. अर्ज ज्येष्ठांत गेला, कॉलेज दुसरें.