म्युनिकच्या बर्फात जर्मनची बाराखडी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिकच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि पुण्याहून कौतुकाने आणलेले दोन स्वेटर, कानटोपी आणि शाल यांचा पार फज्जा उडाला. थंडी नाकातून थेट मेंदूत शिरत होती. लेकीचं दुसरं बाळंतपण जानेवारीत होतं, त्यासाठी मी अडीच महिने राहणार होते. थंडीची तयारी निदान मनाने तरी केली होती. चार वर्षांच्या नातीने केलेल्या स्वागताची मात्र नव्हती. ती धावत आली, गळ्यात पडली आणि भराभरा काहीतरी बोलत सुटली. त्यातला एक शब्द कळला असेल तर शपथ!

"आई, तिला मराठी सगळं समजतं गं," लेक ओशाळून म्हणाली, "पण उत्तर जर्मनमध्येच देते. दिवसभर किंडरगार्टनमध्ये असते ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. विमानप्रवासाचं निमित्त होतंच, पण नातीशी बोलायला दुभाष्या लागावा, हे मनाला फार लागलं. सकाळी चहा घेताना मी जावयांना सांगितलं, "माझं नाव जर्मनच्या वर्गात घाला."

जर्मनीत गावोगावी प्रौढांसाठी स्वस्तात वर्ग चालतात. त्यांना फोल्क्सहोखशूल म्हणतात. तशा एका वर्गात मी जाऊन बसले. बाकी सगळे पंचवीस-तिशीतले आणि त्यांच्यात मी साठीची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे बाकाच्या या बाजूला बसणं जरा जडच गेलं.

पहिल्याच दिवशी मी हसं करून घेतलं. थंडी वाजतेय हे सांगायला मनात इंग्रजी वाक्य जुळवलं आणि म्हणाले, "इश बिन काल्ट." बाई हसल्या. त्याचा अर्थ निघतो, 'मी थंड बाई आहे', म्हणजे मायेचा ओलावा नसलेली! म्हणायचं असतं, "मीअर इस्ट काल्ट." मीअर म्हणजे 'मला'. अहो, मग आपण तरी काय म्हणतो? मला थंडी वाजते. मला भूक लागते. तेव्हापासून मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि जर्मन थेट मराठीतून शिकू लागले.

मग गंमतच सुरू झाली. आपल्याकडे तो, ती, ते; त्यांच्याकडे डेअर, डी, डास. घरच्या माणसाला आपण तू म्हणतो, परक्याला तुम्ही. ते डू आणि झी म्हणतात. इंग्रजीवरून आलेली मुलं एकवीस म्हणताना अडखळत, कारण जर्मनमध्ये 'एक आणि वीस' असं उलटं म्हणतात. मला त्यात उलटं काहीच वाटेना. एकवीस, बावीस आपणही तसंच म्हणतो. अडीच वाजले हे सांगायला ते म्हणतात 'हाल्ब द्राय', म्हणजे तिसरा अर्धा. शेजारच्या मुलाने साडेतीन समजून एक भेट चुकवली. आपला 'अडीच' तरी कुठून आला? संस्कृतातल्या अर्धतृतीय या शब्दावरून. तिसरा अर्धाच की! मी फळ्याजवळ जाऊन हे समजावलं, तेव्हा बाईंनी वहीत टिपून घेतलं.

दुपारी नातीला घेऊन शहर पाहायचं. साडेचारलाच अंधार पडतो, पण मारियनप्लात्स या मुख्य चौकातला नाताळबाजार तेव्हाच खरा खुलतो. लाकडी टपऱ्यांवर दिवे लागतात आणि साखरेत भाजलेल्या बदामांचा वास सुटतो. वर नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यात 43 घंटांचं प्रसिद्ध घड्याळ आहे. सकाळी अकरा आणि दुपारी बारा वाजता घंटा वाजू लागल्या की त्यातल्या बाहुल्या फेर धरतात. आम्ही दोघी मान मोडेपर्यंत वर पाहत उभ्या राहायचो. मुलांसाठी गरम फळांच्या रसाचं बिनदारूचं पंच मिळतं. कपासाठी अनामत घेतात, तो परत केला की पैसे परत. पहिल्या दिवशी मी कप विकतच घेतला असं समजून पर्समध्ये टाकला. नातीने तो बाहेर काढला आणि कमरेवर हात ठेवून मला भर चौकात दम भरला.

नाताळातली शांतता मात्र मला जड गेली. चोवीस तारखेला दुपारी दुकानं बंद होतात, ती पंचवीस आणि सव्वीसलाही उघडत नाहीत. आपली दिवाळी म्हणजे दारं सताड उघडी. यांचा सण बंद दाराआड! जानेवारीत निंफेनबुर्ग राजवाड्यापुढचा कालवा गोठला, तेव्हा कुठे माणसं बाहेर दिसली. आजोबा मंडळी त्यावर आपल्या गोट्यांच्या चुरशीने मुठीच्या चपट्या चकत्या सरकवत होती.

आणि मग ती रात्र आली. लेकीला कळा सुरू झाल्या. जावई तिला घेऊन इस्पितळात गेले आणि घरी आम्ही दोघीच उरलो. अकराच्या सुमारास नात रडत उठली. अंग तापलं होतं. कान धरून ती म्हणत होती, "मीअर टूट डास ओअर वे." पुन्हा तेच 'मीअर'. कान दुखतोय! थर्मामीटर लावला तर एकोणचाळीस. घरात औषधाचा थेंब नव्हता आणि जावयांचा फोन लागेना.

समोरच्या दाराची घंटा वाजवली. काठी टेकत चालणाऱ्या ऐंशीच्या आजी झोपेतून उठून आल्या. माझं मोडकंतोडकं ऐकून त्या नातीपाशी बसल्या आणि रात्री कोणतं औषधाचं दुकान उघडं आहे, तो पत्ता त्यांनी कागदावर लिहून दिला. तिथे दुकानांच्या पाळ्या लावलेल्या असतात. मी बर्फ तुडवत निघाले. दार बंद होतं, पण शेजारी छोटी खिडकी होती. घंटा वाजवल्यावर एक तरुण आला. मूल केवढं? चार वर्षांचं. वजन? सोळा किलो. ताप किती?

इथे नेमका मराठीने दगा दिला. अडतीस असता तर 'आठ आणि तीस' म्हणून मोकळी झाले असते. पण आपण एकोणचाळीस म्हणतो, चाळीसला एक कमी. आणि ते म्हणतात नऊ आणि तीस. माझ्या तोंडून 'चाळीस' निघालं आणि त्याचा चेहरा बदलला. तो इस्पितळाचं नाव घेऊ लागला. मी जोरजोरात मान हलवली, खिडकीच्या काचेवर वाफ धरली आणि बोटाने आकडा लिहिला: 39. तो हसला. हळूहळू म्हणाला, "नॉयन-उन्ड-द्रायसिग." मी त्याच्यामागून म्हटलं. त्याने तापाचं औषध दिलं, किती द्यायचं ते बाटलीवर खूण करून दाखवलं आणि सकाळी डॉक्टरांकडे न्याच, असं दोनदा बजावलं. रात्रीच्या सेवेचे अडीच युरो जास्त पडले. तेही मला 'अडीच'च ऐकू आले!

तासाभराने नात झोपली. पहाटे फोन आला, नातू झाला होता.

चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. नातीचा कान एव्हाना बरा झाला होता. ती पाळण्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "डेअर बेबी." तिने कपाळाला हात लावला.

"डास बेबी, आजी!" आणि मग मला कळावं म्हणून तिने सावकाश मराठीत सांगितलं, "तो नाही. ते बाळ."