युरोपचा रेल्वे पास घेताय? आधी सांगा, तुम्ही राहता कुठे?

जबलपूरजवळच्या आमच्या शहपुऱ्याचं स्टेशन म्हणजे भिटोनी. इथून जाणाऱ्या जबलपूर-इटारसी मार्गाला मोठा इतिहास आहे. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन रेल्वे या दोन वेगळ्या कंपन्या मार्च 1870 मध्ये जबलपूरला जोडल्या गेल्या आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला.

आज आपल्याकडे या सगळ्या गाड्या एकाच भारतीय रेल्वेच्या आहेत. भिटोनीहून मुंबईला निघा नाहीतर हावड्याला, तुमचं घर कोणत्या राज्यात आहे हे तिकीट खिडकीवर कुणी विचारत नाही. युरोपात मात्र अजूनही प्रत्येक देशाची रेल्वे वेगळी आहे. त्या सगळ्यांनी मिळून एक पास काढला आहे, आणि तो देताना पहिला प्रश्न असतो, 'तुम्ही राहता कुठे?'

आपल्या ओळखीपाळखीतली किती मुलं आज जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्स किंवा इंग्लंडमध्ये शिकताहेत! त्यांना भेटायला जाणारे आई-बाबा 'सगळे मिळून पास काढू आणि फिरू' असा बेत आखतात. म्हणूनच हा प्रश्न आधी समजून घ्यायला हवा.

पास एक, नावं दोन

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो तो युरेल पास. तो 1959 मध्ये सुरू झाला. युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे इंटररेल. तो 1972 मध्ये 21 वर्षांखालच्या तरुणांसाठी निघाला आणि नंतर सर्व वयांसाठी खुला झाला. आज दोन्हींचे ग्लोबल पास 33 देशांत चालतात.

इथेच अनेकांची गल्लत होते. कोणता पास घ्यायचा हे पासपोर्टवर ठरत नाही, राहण्याच्या ठिकाणावर ठरतं. समजा, आई-बाबा जबलपूरला राहतात आणि लेक म्युनिकमध्ये एमएस करते आहे. तिघांचेही पासपोर्ट भारतीय. तरी आई-बाबांनी युरेल घ्यायचा आणि लेकीने इंटररेल. पास घेताना राहण्याचा देश लिहावा लागतो आणि तपासणीत पुरावा मागितला जाऊ शकतो. त्यामुळे लेकीने पासपोर्टबरोबर रेसिडेन्स परमिटचं कार्डही जवळ ठेवायला हवं.

घरच्या देशात फक्त दोनदा

युरेलवाल्या आई-बाबांना जर्मनीत पासाच्या दिवसांत हवं तेवढं फिरता येतं. लेकीसाठी मात्र जर्मनी हा 'घरचा देश' आहे. इंटररेल ग्लोबल पासवर तिला तिथे दोनच प्रवास मिळतात. एक बाहेर पडण्याचा आणि एक परत येण्याचा.

प्रवास म्हणजे एकच गाडी नव्हे. त्या एका दिवसात गाड्या बदलत गेलं तरी चालतं. मँचेस्टरला राहणारा मुलगा सकाळी लंडनला येऊन तिथून युरोस्टारने पॅरिस गाठू शकतो. हा सगळा त्याचा एकच बाहेर पडण्याचा प्रवास. युरोस्टारचं आरक्षण मात्र वेगळे पैसे भरून करावंच लागतं.

हे दोन दिवस पासाच्या दिवसांतूनच वजा होतात. महिन्यात सात दिवसांचा पास असेल, तर जाण्यायेण्याचे दोन दिवस त्या सातांतलेच. आणि फक्त एकाच देशासाठी मिळणारा वन कंट्री पास तर स्वतःच्या राहत्या देशासाठी मिळतच नाही.

असं का?

कारण साधं आहे. रोज तिकीट काढून प्रवास करणारे लोक म्हणजे त्या देशाच्या रेल्वेची मुख्य कमाई. त्यांनी स्वस्त पासवर घरच्या घरीच फिरायला सुरुवात केली, तर ती कमाई बुडेल. पास आहे तो शेजाऱ्यांकडे पाहुणा म्हणून जाण्यासाठी. स्वित्झर्लंडचा स्विस ट्रॅव्हल पासही तिथे राहणाऱ्यांना मिळत नाही. आपल्या रेल्वेचा इंडरेल पास आठवतो का? तोही परदेशी पाहुण्यांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठीच होता. आता तो बंद झाला आहे.

बेत कुठे फसतो?

पहिली जागा म्हणजे घरच्या देशातली सहल. आई-बाबांना बर्लिन दाखवायचं आहे. त्यांचा पास म्युनिक ते बर्लिन चालेल. लेकीने तेवढ्यासाठी पास वापरला, तर दोनपैकी एक प्रवास तिथेच संपेल. त्यामुळे तिचं त्या दिवसाचं तिकीट वेगळं काढायचं. लवकर काढलं तर ते बऱ्यापैकी स्वस्त पडतं.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. घरच्या देशातून नुसतं पुढे जाणंही या दोनांत मोजलं जातं. समजा बेत असा आहे: म्युनिक, व्हिएन्ना, प्राग, मग बर्लिन आणि हॅम्बुर्गवरून कोपनहेगन, आणि शेवटी परत म्युनिक. नकाशावर छान दिसतो. पण म्युनिकहून निघताना एक प्रवास गेला आणि प्रागहून कोपनहेगनला जाताना जर्मनी ओलांडण्यात दुसरा. आता कोपनहेगनहून घरी यायला लेकीच्या पासात जर्मनीचा प्रवासच शिल्लक नाही. आई-बाबा पासावर बसतील आणि लेकीला ऐनवेळचं महाग तिकीट काढावं लागेल. तिकिटाशिवाय बसली तर दंड. म्हणून अशी सहल गोल आखा, घरचा देश मध्ये येऊ देऊ नका. व्हिएन्ना, व्हेनिस, मिलान, झुरिच आणि मग म्युनिक, असं केलं तर दोन प्रवासांत भागतं.

घरच्या टप्प्यासाठी युक्ती

जर्मनीत राहणाऱ्यांकडे बऱ्याचदा डॉइचलांड-टिकिट असतं. मे 2023 मध्ये महिना 49 युरोंना सुरू झालेलं हे मासिक तिकीट 2025 मध्ये 58 आणि 2026 मध्ये 63 युरोंचं झालं. अनेक विद्यार्थ्यांना ते सेमिस्टर तिकिटाच्या रूपात सवलतीत मिळतं. ते वेगवान गाड्यांत चालत नाही, फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं. पण ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं! म्हणजे म्युनिकची लेक त्यावरच साल्झबुर्ग गाठू शकते आणि पासाचा दिवस व घरचा प्रवास दोन्ही वाचवू शकते.

निघण्याआधी एवढं बघा

• 12 ते 27 वयाच्यांना युथ पास स्वस्त पडतो. 60 वर्षांवरच्यांनाही सवलत आहे. 4 ते 11 वयाच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत पास मिळतो, एका मोठ्यामागे दोन मुलांपर्यंत. मोफत असला तरी मुलांचा पास काढावाच लागतो.

• पास मोबाइलवर रेल प्लॅनर ॲपमध्ये येतो. गाडीत चढण्याआधी तो प्रवास ॲपमध्ये नोंदवा. आई-बाबांच्या फोनमध्ये हे आधीच करून दाखवा.

• फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनच्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्या यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही.

• पास म्हणजे व्हिसा नव्हे. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलांना युरोपात फिरायला शेंगेन व्हिसा लागतोच.

पास घेण्याआधी सगळ्यांनी एकदा व्हिडिओ कॉलवर बसा आणि कागदावर सहलीचे सगळे टप्पे लिहा. लेक किंवा मुलगा राहतो त्या देशातून जाणाऱ्या प्रत्येक टप्प्याखाली लाल रेघ ओढा. रेघा दोन असतील तर बिनधास्त निघा. तिसरी दिसली तर त्या दिवसाचं साधं तिकीट आत्ताच काढून टाका. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी इंटररेल आणि युरेलच्या अधिकृत पानावर एक नजर टाकायला विसरू नका.