मोकळी जागा आणि मराठी मजकूर

माझा एक मित्र चित्रकार आहे. लातूरमधल्या त्याच्या पहिल्या प्रदर्शनाची छपाई माझ्या गळ्यात पडली, म्हणून शनिवारी मुंबईत जहांगीर पालथं घातलं. १९५२ पासूनची गॅलरी, तिकीटबिकीट नाही. मी भिंतींपेक्षा टेबलांपाशीच रेंगाळलो. निमंत्रणं, ब्रोशर्स, कॅटलॉग... काय सुरेख कागद! पुढे एकच चित्र, मागे तारखा, बस्स. आमच्या नांदेड-लातूरकडे फ्लेक्सवर एवढी मोकळी जागा दिसली तर लोक दहा फोटो चिकटवतील!

पण मी चाळलेलं बहुतेक सगळं इंग्रजीत. मित्राचे वडील शेतकरी. पोराच्या चित्रांबद्दल त्यांनी काय वाचायचं? मोकळी जागा उचलली, मजकूर मराठीत लिहिला. मित्र कुरकुरतोय, "पुढं हेच मुंबईला पाठवायचंय रे." ते नंतर बघू. पहिलं प्रूफ अण्णांकडे गेलंय.