पानाची मागची बाजू



शब्दांची व्युत्पत्ती आणि वर्गीकरण यांत माझे अर्धे आयुष्य गेले. तरीही चुकीच्या नावाची किंमत किती मोठी असते, हे मला घराच्या परसातील चाळीस रोपांनी शिकवले.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात, प्राचीन मंदिरांसाठी ओळखले जाणारे चारठाणा हे माझे गाव. एका वर्षी दिवाळीनंतर तेथील घरामागे मी कोबी लावला. 'कोबी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. आमच्या भागात मात्र 'पत्तागोबी' म्हणतात. बाजारातील भाजीवर काय काय फवारलेले असते, याची माझ्या वृद्ध आईला धास्ती वाटे. "एकदा घरची गोबी खाऊ," असे ती म्हणाली आणि मी कुदळ हाती घेतली.

महिनाभरात पानांना भोके पडू लागली. शेजारच्या झेंडूवर पांढरी, पिवळसर फुलपाखरे भिरभिरत होती. कोबीचा शत्रू पांढरे फुलपाखरू, असे मी कधी तरी वाचले होते. निदान झाले. रोज सकाळी मी वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधी आणि संध्याकाळी, रोपांना दव मिळावे म्हणून, काढून ठेवी. भोके वाढतच गेली. शेवटी एक जहाल औषध आणून फवारले. आठवडाभर बरे वाटले. मग अळ्या पूर्वीपेक्षा अधिक झाल्या.

शेजारच्या मावशी एकदा कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, "सर, फुलपाखरं काय पाहता? पान उलटं करून बघा की."

मी पान उलटले. खाली बारीक, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी होती. बोट लागताच ती वळवळली आणि धाग्यावर लोंबकळू लागली. ती पानाचा हिरवा भाग खालून खात होती. वरचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवत होती. अळीमिळी गुपचिळी! त्या रात्री विजेरी घेऊन गेलो, तेव्हा करडे, नखाहून लहान पतंग रोपांवर दिसले. पंख मिटले की त्यांच्या पाठीवर फिकट चौकटींची नक्षी उमटते. आपली कृषिविषयक पुस्तके याला 'चौकोनी ठिपक्यांचा पतंग' म्हणतात. हा संध्याकाळनंतर उडतो. म्हणजे मी दिवसभर दार लावत होतो आणि चोराच्या वेळी ते उघडत होतो!

कोबी फस्त करणारे पांढरे फुलपाखरू खरेच असते. पण ते मुख्यतः युरोपात आणि आपल्या उत्तर भारतात. माझ्या झेंडूवरची फुलपाखरे केवळ मधासाठी येत. त्यांच्या अळ्या टाकळा, बहावा अशा वनस्पतींवर वाढतात. मी निरपराधांवर आरोप ठेवला होता. त्याहून वाईट म्हणजे पानांवरचे तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोश मी किडीचे समजून चिरडले होते. ते अळीच्या अंगात वाढून तिला मारणाऱ्या इवल्या गांधीलमाशीचे होते. उरलेल्या माझ्या फवाऱ्याने मेल्या. पतंग मात्र विषाला सरावतो. 1953 साली जावा बेटावर त्याने डीडीटीलाही दाद दिली नाही, अशी नोंद आहे.

फवारलेली ती भाजी आईला देण्याचे धैर्य मला झाले नाही. सगळे गड्डे खड्ड्यात पुरले. आई काहीच बोलली नाही.

पुढच्या वर्षी मोहरी पेरली. कोबी आणि मोहरी एकाच कुळातील. या कुळाचा तिखट दर्प इतर कीटकांना दूर ठेवतो. या पतंगाला मात्र तो घराचा पत्ता वाटतो. मोहरीचा दर्प अधिक, म्हणून मादी अंडी घालायला तिच्याकडे वळते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी ही रीत बसवली: कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, पहिली लागवडीच्या 15 दिवस आधी, दुसरी 25 दिवसांनी. परसासाठी मी वाफ्याच्या दोन्ही कडांना मोहरी लावली. मच्छरदाणी रोपे लावल्या दिवसापासून, रात्रंदिवस ठेवली आणि तिच्या कडा मातीत दाबल्या. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेले निंबोळीचे बी, रात्रभर भिजवून फडक्याने गाळलेले, दर आठवड्याला संध्याकाळी फवारले, मोहरीवरही. रोज सकाळी पाने उलटून पाहिली. अळी दिसली की चिमटीत धरली. पांढरा कोश दिसला की हात आवरला.

त्या माघात आईने गोबीची भाजी केली. काही पानांना भोके होतीच. तेवढा भाग तिने विळीवर कापून टाकला.

मित्रहो, आपणांपैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून अभ्यास करतात. माझ्याकडे पदवी होती आणि वाचलेले एक वाक्य होते. मावशींकडे पाहण्याची सवय होती. पुस्तकातले वाक्य खरेच होते, फक्त ते माझ्या परसाविषयी नव्हते. पुस्तक वाचा, अवश्य वाचा. आणि त्यातले नाव समोरच्या वस्तूला देण्यापूर्वी पान एकदा उलटून पाहा.