वेल्डिंग वस्तूला, बोल्ट गाडीला

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मोटरसायकल माणसांपेक्षा ओझेच जास्त वाहते. सकाळी तिच्यावरून दूध डेअरीला जाते, दुपारी खताची गोणी किंवा फवारणीचा पंप रानात जातो आणि संध्याकाळी वैरणीचा भारा किंवा उसाचे वाढे गोठ्यावर येतात. कंपनी मात्र गाडी बनवते ती दोन माणसांसाठी, फार तर सोबतच्या एखाद्या पिशवीसाठी. म्हणून इथली गाडी शोरूममधून निघाली की थोड्याच दिवसांत फॅब्रिकेशनच्या दुकानापुढे उभी दिसते. मागे कॅरियर लागतो, दोन्ही अंगांना कॅन अडकवायचे हूक लागतात, पुढे लेग गार्ड येतो आणि साइड स्टँडखाली चिखलात रुतू नये म्हणून रुंद पत्ती बसते. मी वेल्डिंग शिकलो ते याच कामांसाठी. त्या शिकण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मला कारणांसह मांडायचे आहे. गावात बनणाऱ्या या वस्तूंना कमी लेखण्याचे किंवा त्यांच्यावर सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. पण वेल्डिंग वस्तूपुरतेच राहिले पाहिजे. ती गाडीला बोल्टनेच बसली पाहिजे, हवी तेव्हा उतरवता आली पाहिजे आणि मोडायची वेळ आलीच तर गाडीच्या सांगाड्याआधी तीच मोडली पाहिजे.

या भागात लोखंडाचे काम जाणणारे हात कमी नाहीत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि पुढे तिथेच अवजड यंत्रे घडू लागली. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून अणुभट्ट्यांच्या भागांपर्यंत कामे तिथे होतात. इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे पोलादी कवचही तिथे घडते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इथल्या साखर कारखान्यांत गाळप संपले की दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. गाळप चालू असतानाही रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे थेंब चढवून ते खरबरीत ठेवावे लागतात, नाहीतर ऊस घसरतो. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या बनतात आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही बनते. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांना कामगार मिळतात ते याच पंचक्रोशीतून. मग प्रक्षेपकाच्या कवचाचा जोड आणि दुधाच्या कॅरियरचा जोड यांच्यात फरक कुठे पडतो? धातू वेगळा, यंत्रे वेगळी, हे खरेच. पण सर्वांत मोठा फरक तपासणीचा आहे. तिथला जोड क्ष-किरणांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. इथला जोड ग्राइंडर मारून, रंग देऊन थेट रस्त्यावर येतो.

वेल्डिंग शिकणारा पहिल्यांदा डोळ्यांना फसतो, कारण सुबक दिसणारा जोड पक्का असेलच असे नसते. होल्डरमधला रॉड ई-६०१३ जातीचा, अडीच मिलिमीटरचा असेल तर त्याला साधारण ६० ते ९० अँपिअर करंट लागतो. करंट कमी ठेवला तर रॉड चिकटतो आणि वितळलेले लोखंड पाइपच्या वर नुसते बसून राहते, आत मुरत नाही. जास्त ठेवला तर सोळा गेजच्या, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या पाइपला बघता बघता भोक पडते. एका बाजूने सलग जोड मारत गेले की निवताना धातू आकसतो आणि काटकोनात लावलेला चौकोन तिरका होतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना टॅक मारायचे, गुणिया लावून पाहायचे आणि मग आलटून पालटून समोरासमोरचे कोपरे भरायचे. हे सगळे हाताला सवयीने येते. पण आत किती मुरले आहे हे हाताला किंवा डोळ्यांना कळत नाही, ते तोडूनच पाहावे लागते. त्याच पाइपच्या दोन तुकड्यांना त्याच करंटवर जोडायचे, व्हाइसमध्ये आवळायचे आणि हातोडीने मोडायचे. जोड मधोमध उघडला आणि आत स्लॅग किंवा बुडबुड्यांची छिद्रे दिसली तर तो रंगाखाली कितीही शोभो, ओझ्याखाली टिकणार नाही. पाइप वाकला पण जोड सुटला नाही, तर पुढे जायला हरकत नाही. क्ष-किरण यंत्र गावात येणार नाही. व्हाइस आणि हातोडी मात्र प्रत्येक दुकानात आहेत.

यानंतरचा प्रश्न वजनाचा, आणि माझ्या मते बहुतेक कॅरियर इथेच चुकतात. १०० सीसीच्या नेहमीच्या गाडीची भारक्षमता चालकासह १३० किलोच्या आसपास असते. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले तर नुसते दूधच ८२ किलोंच्या घरात जाते. त्यात कॅनचे आणि कॅरियरचे वजन धरा आणि ६५ किलोंचा माणूस धरा. दीडशेचा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय हे ओझे मागच्या चाकाच्याही मागे लटकत असेल तर पुढचे चाक हलके होते आणि वळणावर हँडल भरवसा देत नाही. खड्ड्यात मागचे चाक आपटले की तेच वजन क्षणभर दुपटीच्या पुढे जाते आणि हे रोज शेकडो वेळा घडते. लोखंड अशा वेळी एकदम तुटत नाही. जोडाच्या कडेला, जिथे भरलेला धातू संपून मूळ पाइप सुरू होतो, तिथे केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. यावर गावातला रूढ उपाय म्हणजे आणखी लोखंड: पाइपऐवजी भरीव सळई, पत्तीवर पत्ती. हिशेब मात्र उलटे सांगतो. २५ मिलिमीटर व्यासाचा सोळा गेजचा पोकळ पाइप आणि तेवढ्याच वजनाची भरीव सळई यांची तुलना केली तर पाइप वाकायला सुमारे सातपट जास्त ताठ भरतो. म्हणजे जाडी वाढवण्यापेक्षा लोखंड कुठे ठेवायचे हे कळणे महत्त्वाचे. तिरका आधार योग्य जागी असावा, ओझे मागच्या चाकाच्या अक्षाजवळ आणि शक्य तितके खाली असावे, आणि जोड ताण सर्वांत जास्त असलेल्या वळणावर न येता थोडा बाजूला यावा. कॅनही वीस लिटरचे घेतले तर दूध ४१ किलोंवर येते आणि गाडी तिच्या मर्यादेत राहते.

आता सांगाड्याकडे येऊ. गाडीच्या चौकटीचे पाइप पातळ असतात आणि त्यांची ताकद कारखान्यातल्या मापात, ठरलेल्या जागी दिलेल्या उष्णतेवर उभी असते. रस्त्याकडेच्या दुकानात त्यांच्यावर रॉड टेकवला की जोडाभोवतीच्या पट्ट्यात धातूची घडण बदलते आणि चौकट केसभर ओढलीही जाते. पुढे चीर पडते ती कॅरियरमध्ये न थांबता चौकटीत उतरते. तीनचारशे रुपयांची वस्तू वाचवायला आपण अख्खी गाडी पणाला लावतो. वेल्डिंगचा करंट अर्थच्या क्लॅम्पपर्यंत जाताना बेअरिंग आणि वायरिंगमधूनही वाट काढू शकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे बहुतेक नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आला आहे आणि तो असा झटका सोसत नाही. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते, हे तर वेगळे सांगायला नको. व्हेस्पासारख्या गाडीत तर वेगळी चौकटच नसते. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून फर्मा गाडीवरून घ्यावा, वेल्डिंग गाडीपासून दूर जमिनीवर करावे आणि बसवण्यासाठी कंपनीने दिलेलीच भोके वापरावीत. आठ मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे बोल्ट, नायलॉक नट आणि मध्ये रबरी बुश असला की हादरे जोडापर्यंत कमी पोचतात. लेग गार्डचे तर कामच वाकून गाडीला आणि पायाला वाचवण्याचे. तो इतका भक्कम केला की स्वतः न वाकता इंजिनाच्या माउंटिंगला ओढून वाकवतो, तर त्याने आपले काम केले नाही.

कायद्याचा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंडाची, कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आली. पण तोच कायदा सगळ्याच जोडवस्तूंच्या विरोधात नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मागतो, म्हणजे आपला साडी गार्डच. २०२० मध्ये हलक्या पेटीसाठीही लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर अशी माप-मर्यादा आली. मला यातून तत्त्व दिसते ते असे: मूळ गाडी तशीच राहावी आणि तिच्या रुंदीने दुसऱ्याला इजा होऊ नये. बोल्टने बसवलेली वस्तू आपोआप कायदेशीर ठरते असे मी म्हणत नाही. पण चौकट न कापता, न जाळता, मापात राहून केलेले काम या तत्त्वाच्या जवळ राहते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते आणि रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. उसाच्या हंगामात त्याच रस्त्यांवर ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. अशा गर्दीत मोटरसायकलच्या बाजूला टोकदार सळईचा हूक बाहेर काढून फिरण्याचा हक्क कुणालाच नाही. टोके आत वळवलेली आणि घासून गोल केलेली असावीत, हा आग्रह कायद्याआधी माणुसकीचा आहे.

दुसरा आक्षेप असा की बाजारात तयार कॅरियर मिळत असताना हौशी माणसाने होल्डर हातात का घ्यावा? शहरी पिशवीसाठी बनवलेला तयार कॅरियर कॅनच्या मापाला बसत नाही, हे एक उत्तर. महत्त्वाचे उत्तर दुसरेच आहे. ज्याने जोड स्वतः मोडून पाहिला आहे, तो दुकानातही योग्य प्रश्न विचारतो. पाइप किती गेजचा, जोड पूर्ण फिरवला आहे की वरूनच मारला, पाणी साचू नये म्हणून पाइपला खाली भोक ठेवले आहे का, हे प्रश्न आले की दुकानदाराचे कामही सुधारते. धोक्याचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करावा. नंबर १० किंवा ११ ची काच, चामड्याचे हातमोजे, अंगभर सुती कपडे आणि मोकळी हवा नसेल तर काम सुरूच करू नये. उघड्या डोळ्यांनी पाहिलेली ठिणगी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी जाणवते आणि झोपू देत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाइप न घासता तापवला तर त्याच्या धुराने थंडीताप भरतो. पण या धोक्यांवर उपाय शिकवता येतात. न शिकता चोरून केलेल्या कामाला उपाय नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बारामती आणि इंदापूरच्या आयटीआयमध्ये, कृषी विज्ञान केंद्राच्या शिबिरांत आणि दूध संस्थांच्या आवारात मोटरसायकलच्या जोडवस्तूंचा छोटा अभ्यासक्रम चालावा. त्यात वेल्डिंगइतकाच वेळ ओझ्याच्या हिशेबाला आणि जोड मोडून पाहण्याला द्यावा. फॅब्रिकेशनवाल्याने प्रत्येक कॅरियरवर दुकानाचे नाव आणि किती किलोंसाठी तो बनवला ते ठळक रंगवावे, आणि गिऱ्हाईकाने तो आकडा नसलेला कॅरियर घेऊ नये. प्रक्षेपकाचे कवच घडवणाऱ्या तालुक्याला दुधाच्या कॅरियरवर एक खरा आकडा लिहिणे अवघड नाही.