मोबाइलमधले अब्बा

रत्नागिरीजवळच्या आमच्या उर्दू शाळेत पहिलीच्या मुलांना मी विचारलं, "शेखचिल्ली खरा की गोष्टीतला?"

"गोष्टीतला!"

"छोटा भीम?"

"टीव्हीतला!"

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "माझे अब्बा मोबाइलमधले."

वर्ग हसला. मला हसू येईना. तिच्या जन्मानंतर लगेच ते कुवेतला गेले. एकदाच आले, तेव्हा ती दोन वर्षांची होती. बी.एड.ला शिकलेलं काही आठवेना.

शेजारचा मुलगाच तिला म्हणाला, "भीमला सलाम केलास तर जवाब देतो का?"

"नाही."

"आणि अब्बा?"

"देतात. जेवलीस का, तेही विचारतात."

"मग खरे!"

तिला पटलं असावं. सुट्टीत मात्र माझी ओढणी धरून म्हणाली, "टीचर, पण त्यांना हात लावता येत नाही."