एका आकड्याची सीमा

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून बेळगावची गाडी सुटली, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मी बडोद्याहून निघालो होतो तो बेळगावच्या शहापुरातील मामांच्या घराची शेवटची आवराआवर करण्यासाठी. मामा गेले होते, मामी मुलाकडे पुण्यास राहावयास गेल्या होत्या. उरलेल्या कामांत एक काम होते घरचा दूरध्वनी परत करण्याचे.

आईचे माहेर बेळगाव आणि तिची धाकटी बहीण दिलेली कोल्हापुरास. बडोद्यास आमच्या घरी टेलिफोन आला तेव्हा आईने दोन संकेतांक पाठ केले. कोल्हापूरचा ०२३१ आणि बेळगावचा ०८३१. दोहोंत फरक काय तो एका आकड्याचा. दोनाच्या जागी आठ फिरविला की बहिणीऐवजी भावाचे गाव! उतारवयात तिचा येथेच घोटाळा होई. ती मामांचा क्रमांक फिरवी, पण आधी ०२३१ लावी, आणि कोल्हापुरातील कुणा अनोळखी बाईंना विचारी, "दादा आहे का?" पुढे पुढे त्या बाई आवाजावरूनच ओळखू लागल्या. "आजी, दोन नव्हे, आठ फिरवा," असे सांगत, आणि सांगण्यापूर्वी प्रकृतीची चौकशीही करीत.

हे सारे आठवत असल्यामुळे की काय, वाटेत थांब्याथांब्यावर मी दुकानांच्या पाट्या वाचू लागलो. नव्या पाट्यांवर मोबाईलचे दहा आकडे असतात. पण जुन्या, रंग उडालेल्या पाट्यांवर कंसात संकेतांक अजून दिसतो. कागलपर्यंत त्याचा आरंभ ०२ ने होतो. दूधगंगा ओलांडली, कोगनोळी मागे पडली, की पाट्यांवर कन्नड अक्षरे येतात आणि कंसात ०८ येते. तंबाखूच्या वखारींच्या निपाणीत तर ०८३३८ असा भला लांब संकेतांक. बोली मात्र बदलत नाही. गाडीत चढणाऱ्या बायका त्याच मराठीत जागा मागतात आणि त्याच मराठीत भांडतात.

निपाणीचा संकेतांक लांब का, याचे उत्तर साधे आहे. आरंभीचे शून्य म्हणजे केवळ 'हा फोन गावाबाहेरचा आहे' अशी केंद्राला दिलेली वर्दी. ते वगळले की संकेतांक आणि ग्राहकाचा क्रमांक मिळून दहाच आकडे व्हावयाचे. मुंबईचा संकेतांक २२ म्हणून तेथील ग्राहकाला आठ आकडे मिळतात. कोल्हापूर-बेळगावला तीन आणि सात. निपाणीला चार आणि सहा. शहर मोठे, घरे अधिक, म्हणून क्रमांकाला जागा अधिक आणि संकेतांक आखूड. गावातल्या गावात बोलावयाचे तर संकेतांकाची गरजच नाही. घरातल्या माणसाला आडनावाने हाक कोण मारतो?

या आकड्यांचा नकाशा भाषावार प्रांतांचा नाही, आणि म्हणूनच आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना तो मोठा मनोरंजक वाटावा. बडोद्याचा ०२६५ आणि पुण्याचा ०२०, म्हणजे दोघे एकाच ०२ च्या घरातले. नागपूर महाराष्ट्रात खरे, पण त्याचा ०७१२ हा संकेतांक इंदूरच्या ०७३१ आणि ग्वाल्हेरच्या ०७५१ यांच्या पंक्तीला बसतो. बेळगावच्या ०८३१ ला लागून येतो तो गोव्याचा ०८३२; आणि गंमत अशी की दूरसंचाराच्या कारभारात गोवा आहे महाराष्ट्र परिमंडळात! १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आकड्यांच्या हिशेबाने पाहिले, तर शेकडो मैल दूरचे आमचे बडोदे कोल्हापूरच्या भाऊबंदांत मोडते आणि हाकेच्या अंतरावरचे बेळगाव मोडत नाही.

आपल्या देशात आकडे फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांमध्ये झाली. आमच्यापर्यंत ती पोहोचेतो ट्रंक कॉलचेच राज्य होते. क्रमांक नोंदवावा आणि यंत्राजवळ बसून राहावे. साधा, अर्जंट, लाइटनिंग असे चढत्या दराचे प्रकार. 'लाइटनिंग' हा शब्द ऐकताच घरातल्यांचे चेहरे उतरत. पुढे ऐंशीच्या दशकात कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. केंद्रे निघाली. रात्री दर उतरले की तेथे रांग लागे, आणि काचेच्या खोपटात उभी राहून माणसे तांबड्या आकड्यांच्या मीटरवर डोळा ठेवून खुशाली विचारीत.

शहापुरात पोहोचलो. कुलूप काढले. माडीच्या जिन्याखाली तो यंत्राचा काळा ठोकळा तसाच होता. शेजारच्या भिंतीवर मामांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले आमचे, मावशीचे, डॉक्टरांचे क्रमांक. रिसीव्हर उचलला, तर तार अजून जिवंत! काय मनात आले कोण जाणे, मी ०२३१ फिरविले आणि पुढे याच घराचा क्रमांक लावला. आईची चूक मुद्दाम केली. क्षणभर खरखर झाली, आणि हा क्रमांक अस्तित्वात नाही, असे एक ध्वनिमुद्रित आवाज सांगू लागला. त्या बाईंचे नाव आईने कधी विचारले नव्हते, आणि आम्हीही नाही.

दुपारी दूरसंचार कार्यालयात यंत्र देऊन पावती घेतली. काम दहा मिनिटांचे.

आता खिशातला फोन माणसाबरोबर हिंडतो. सोय मोठी आहे, तिची निंदा करण्याचे कारण नाही. पण त्या आकड्यांत गाव नसते, म्हणून बोलणे उघडताच पहिला प्रश्न येतो, "कुठे आहेस?" आईला तो कधी विचारावा लागला नाही. आठ फिरविला की पलीकडे बेळगाव असे. जिना, माडी, मामा, सारे आपापल्या जागी असे.

परतताना कोल्हापुरास मावशीकडे उतरलो. फोन परत केल्याचे सांगितले. तिने तो क्रमांक संकेतांकासह एका दमात म्हणून दाखविला आणि विचारले, "मग आता बेळगावला फोन करायचा तर कुणाला?"